ओढ्याच्या बळावर उभे राहिलेले घर

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इमारतींबद्दल एक शेरा इतक्यांदा मारला गेला आहे की तो आता तपासून पाहण्याची कुणाला गरज वाटत नाही. बाहेरून जुन्याचे सोंग आणि आतून नवे यंत्र, असा तो शेरा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला तो लावणे सोपे जाते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या काळात उभी केलेली ही इमारत पुढून मध्ययुगीन कॅथीड्रलची आठवण करून देते आणि तिच्या मागे वाफेची इंजिने उभी राहत. पण हा शेरा ज्या घराला सर्वांत चपखल बसतो असे मानले जाते, ते इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थंबरलंड परगण्यातल्या रॉथबरी गावाजवळ आहे. त्याचे नाव क्रॅगसाइड. उतरती छपरे, लाकडी चौकटींच्या काळ्यापांढऱ्या भिंती आणि उंच धुराडी यांमुळे हे घर ट्यूडर काळातले, निदान तीनशे वर्षांचे वाटते. प्रत्यक्षात जलविद्युत वापरणारे ते जगातले पहिले घर म्हणून ओळखले जाते. मालक तोफा आणि युद्धनौका बनवणारा कारखानदार, आणि घराचे रूप मात्र एखाद्या जुन्या सरदाराच्या गढीसारखे. त्यामुळे वास्तुकलेच्या इतिहासकारांनी त्याचे दर्शनी रूप वाखाणले, विज्ञानाच्या इतिहासकारांनी त्याचे दिवे मोजले, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे दोघांनीही जवळजवळ गृहीत धरले. हे गृहीतच चुकीचे आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. क्रॅगसाइडची खरी वास्तुरचना त्याच्या पाण्यात आहे. घराची जागा, त्याची वाढ, आतली सोय आणि त्याचे सामाजिक काम या सगळ्यांचा उलगडा पाण्यापासून सुरुवात केली तरच होतो. दर्शनी भागापासून सुरुवात केली की हाती फक्त सोंगाचा आरोप उरतो.

घराच्या आधी घरमालकाकडे पाहावे लागते, कारण इथे मालक हा नुसता पैसे देणारा नव्हता. विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँगचा जन्म १८१० साली न्यूकॅसल शहरात झाला. लहानपणी तो प्रकृतीने नाजूक होता आणि खोकल्याने बेजार असे, म्हणून त्याला हवापालटासाठी रॉथबरीला नेत. तिथल्या कोकेट नदीवर त्याला मासेमारीचा नाद लागला. वडिलांच्या इच्छेने तो वकील झाला आणि बरीच वर्षे त्याने वकिलीही केली. १८३५ साली यॉर्कशरमधल्या डेंटडेल खोऱ्यात मासे पकडत असताना त्याने एक पाणचक्की पाहिली आणि त्याच्या मनात हिशेब सुरू झाला. डोंगरावरून येणाऱ्या पाण्यात जितके बळ होते, त्याचा अगदी थोडा अंश ते चाक वापरत होते, बाकीचे सगळे वाया जात होते. पुढची चाळीस-पन्नास वर्षे तो या एकाच वायफळ खर्चाचा पाठलाग करत राहिला. १८४५ साली न्यूकॅसलला दूरच्या तलावांतून पाणी आणणाऱ्या योजनेत तो पुढाकाराने सामील झाला. शहराच्या नळांत जो दाब तयार होईल त्यावर धक्क्यावरची यारी चालवता येईल, हे त्याने १८४६ साली प्रत्यक्ष करून दाखवले. १८४७ साली वकिली सोडून त्याने टाइन नदीकाठी एल्सविक इथे कारखाना काढला. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या, गोदीचे दरवाजे आणि पुलांची यंत्रे ही त्या कारखान्याची पहिली कमाई. तोफा नंतर आल्या. क्रिमियाच्या युद्धात जुन्या तोफांचा अवजडपणा उघड झाल्यावर त्याने मागून दारूगोळा भरायची, आटे पाडलेल्या नळीची हलकी तोफ तयार केली. १८५९ साली तिचे हक्क सरकारला देऊन टाकले आणि त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. म्हणजे क्रॅगसाइडची जमीन घेण्याआधीच हा माणूस देशातला पाण्याच्या दाबाचा सर्वांत मोठा जाणकार होता. असा माणूस घरासाठी जागा निवडतो तेव्हा तो दृश्याबरोबर उतारही पाहतो.

१८६३ साली त्याने रॉथबरीजवळच्या डेब्डन ओढ्याकाठी थोडी जमीन घेतली. जागा खडकाळ, उजाड आणि तीव्र उताराची होती. शेतीला तिचा उपयोग नव्हता आणि ऐसपैस बंगल्यालाही ती सोयीची नव्हती. त्याच वर्षी न्यूकॅसलला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनाचा तो अध्यक्ष होता. अध्यक्षीय भाषणात त्याने कोळशाच्या साठ्याचा हिशेब मांडला आणि या गतीने उपसा चालू राहिला तर सुमारे दोन शतकांत ब्रिटनचा कोळसा संपत येईल, असा इशारा दिला. कोळशाच्याच खाणींनी वेढलेल्या शहरात, कोळशावर श्रीमंत झालेल्या श्रोत्यांपुढे दिलेले हे भाषण होते. भाषण आणि जमीन खरेदी एकाच वर्षातली असल्याने पुढे जे घडले ते निव्वळ हौसेचे मानता येत नाही. सुरुवातीला तिथे एक लहानसे विश्रांतिगृह उभे राहिले, मासेमारीच्या दिवसांत चार लोकांना पुरेल एवढे. १८६८ साली त्या घरात पाण्याच्या दाबावर चालणारे इंजिन बसवले गेले आणि घरकामाची यंत्रे त्यावर चालू लागली. ज्या वास्तुविशारदाच्या नावाने आज हे घर ओळखले जाते, तो रिचर्ड नॉर्मन शॉ इथे आला १८६९ साली. हा क्रम नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. शॉच्या छपरांच्या आधी पाणी आले होते. जुन्या घराला नंतर यंत्र चिकटवले गेले ही समजूत तारखांपुढे टिकत नाही, कारण इथे यंत्र आधीपासून असलेल्या घराला जुने रूप नंतर दिले गेले.

शॉ हा तेव्हा चाळिशीच्या आतला, एडिंबरामध्ये जन्मलेला आणि लंडनमध्ये नाव कमावू लागलेला वास्तुविशारद होता. ससेक्समधल्या लेज्वुड या घराने त्याची कीर्ती झाली होती. विल्यम ईडन नेसफील्डबरोबर त्याने दक्षिण इंग्लंडमधली जुनी शेतघरे पाहिली, त्यांची रेखाटने केली आणि त्यांतून ‘ओल्ड इंग्लिश’ नावाने ओळखली जाणारी शैली घडवली. लाकडी चौकटींच्या भिंती, भिंतींवर जडवलेली कौले, पुढे झुकणारे मजले, दगडी पट्ट्यांनी विभागलेल्या खिडक्यांच्या रांगा आणि गगनाला भिडणारी धुराडी ही तिची ओळख. पाहुणे शिकारीला गेलेले असताना एका दिवसात शॉने भावी घराचे चित्र कागदावर उतरवले, अशी कथा आवडीने सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्या चित्राप्रमाणे घर मात्र एका दमात बांधले गेले नाही. १८६९ पासून पुढची सुमारे पंधरा वर्षे शॉ त्यात भर घालत राहिला. आधी ग्रंथालय आणि जेवणाचे दालन, मग मनोरा, चित्रे आणि शास्त्रीय संग्रह ठेवण्याचे लांब दालन, मानाच्या पाहुण्यांसाठी घुबडे कोरलेल्या अक्रोडी पलंगांच्या खोल्या आणि अखेर १८८४ च्या सुमारास पूर्ण झालेली भव्य बैठक. या बैठकीतली सुमारे १० टन वजनाची संगमरवरी शेकोटी शॉचा मदतनीस विल्यम रिचर्ड लेथबी याने कल्पिली. जेवणाच्या दालनात विटा-दगडांच्या कोनाड्यात बसायच्या शेकोटीजवळ विल्यम मॉरिसच्या कंपनीने बनवलेल्या रंगीत काचा आहेत. त्या शेकोटीवर, कुठेही गेले तरी आपले घरच बरे, अशा अर्थाची स्थानिक बोलीतली म्हण कोरलेली आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लाकडी चौकटींची घरे ही केंट आणि ससेक्सच्या ओक वृक्षांच्या प्रदेशातली. नॉर्थंबरलंड हा दगडाचा मुलूख, तिथल्या गढ्या आणि शेतघरे सगळी जाड दगडी भिंतींची. मग खडकावर बसलेल्या या घराला दक्षिणेचे लाकडी मुखवटे कशाला? हा खोटेपणाच नाही का? शैली परकी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ती का उपयोगी पडली, हे विचारले की उत्तर बदलते. आर्मस्ट्राँगला जे घर हवे होते ते किती मोठे होणार, हे १८६९ साली त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. त्याची श्रीमंती वाढत होती, यंत्रे सुधारत होती, पाहुण्यांची प्रतिष्ठा चढत होती. त्या काळातली दुसरी सन्मान्य शैली म्हणजे इटालियन धर्तीचा प्रमाणबद्ध प्रासाद. अशा प्रासादाला मध्यरेषा असते. डावीकडे एक खोली वाढवली की उजवीकडे तिची जोड द्यावी लागते, आणि तीव्र उताराच्या खडकावर ती जोड द्यायला जागाच नसते. शॉच्या शैलीला मध्यरेषा नको होती. घर पिढ्यान्पिढ्या, गरजेप्रमाणे वाढत गेले आहे, असा भास निर्माण करणे हाच तिचा नियम होता. त्यामुळे इथे मनोरा, तिथे गच्ची, पलीकडे अर्धा मजला वर चढवलेले दालन, अशी भर घालत जाता आली. जो माणूस प्रयोग करत करत घर चालवणार होता, त्याला प्रयोग पोटात घेऊ शकणारी शैलीच हवी होती. परक्या लाकडी चौकटींनी त्याला ती मोकळीक दिली. सोंगाचा आरोप रूपापुरता खरा आहे. रचनेकडे पाहिले की तो लंगडा पडतो.

आता पाण्याकडे वळू. आर्मस्ट्राँगने ओढ्यांवर बांध घालून डोंगरात तलाव तयार केले. घराच्या खालच्या अंगाला टंबलटन तलाव आहे. त्याच्या पाण्याच्या दाबावर चालणारा पंप पिण्याचे आणि वापरायचे पाणी घराच्या वर, डोंगरावरच्या टाकीत चढवत असे. तिथून ते नळांनी घरात उतरे आणि उतरताना कामे करत जाई. स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळई पाण्याच्या बळावर फिरे. दिवसभर शेकोट्यांसाठी कोळसा वाहणाऱ्या नोकरांना जिने चढू लागू नयेत म्हणून पाण्याच्या दाबावरची लिफ्ट होती. धुलाईघरातली यंत्रेही पाण्यावर चालत. ग्रंथालयाच्या खाली तुर्की पद्धतीचा हमामखाना होता. त्यात वाफेची खोली, गरम खोली आणि थंड पाण्याचा हौद अशी सगळी मांडणी होती. घरात मध्यवर्ती ठिकाणाहून उष्ण हवा खेळवण्याची सोय होती आणि पुढे टेलिफोनही आला. ही यादी नुसती वाचली तर एका श्रीमंताची खेळणी वाटते. पण ती घराच्या आराखड्यावर ठेवून पाहिली की दिसते, कोणती खोली कुठे आहे याच्यामागे पाण्याची उतरंड आहे. वर टाकी, मध्ये राहत्या खोल्या, खाली हमामखाना आणि स्वयंपाकघर, त्याखाली ओढा. कुठल्याही सामान्य बंगल्यात नळ हे भिंती बांधून झाल्यावर खोदाई करून बसवायची वस्तू असते. इथे नळ काय करू शकतो हे माहीत असलेला माणूस भिंतींच्या चर्चेला सुरुवातीपासून हजर होता.

विजेची गोष्ट याच उतरंडीतली पुढची पायरी आहे. १८७८ साली डेब्डन तलावाच्या पाण्यावर एक टर्बाइन आणि त्याला जोडलेला सीमेन्सचा डायनॅमो बसवला गेला. घरापासून सुमारे १५०० यार्डांवर तयार झालेली वीज तांब्याच्या तारांनी चित्रदालनात आणली आणि तिथे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवणारा कमानी दिवा लावला गेला. जॉन एव्हरेट मिले यांच्यासारख्या चित्रकारांची मोलाची चित्रे तिथे होती. रात्रीच्या जेवणानंतर ती पाहता यावीत, हा हेतू. कमानी दिव्याचा प्रकाश मात्र डोळ्यांत खुपणारा आणि करकरणारा होता. मोठ्या दालनात तो चालून जाई, बसायच्या खोलीत सहन झाला नसता. आर्मस्ट्राँगचा स्नेही, न्यूकॅसलचाच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ स्वान याच सुमारास काचेच्या निर्वात फुग्यात कार्बनचा तंतू तापवून शांत प्रकाश देणारा दिवा पुरा करत होता. १८८० च्या अखेरीस ते दिवे क्रॅगसाइडला बसवले गेले. जानेवारी १८८१ मध्ये ‘द इंजिनीअर’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात आर्मस्ट्राँगने त्यांचे सविस्तर वर्णन केले. घरात सगळे मिळून ४५ दिवे होते, पण खोलीतून खोलीत प्रवाह वळवता येत असल्याने एका वेळी ३७ पेक्षा जास्त लागत नसत. ग्रंथालयातले काही दिवे त्याने तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर बसवले. फुलदाणीचे तांबे हाच विजेच्या परतीचा मार्ग आणि तिच्या बैठकीखाली पाऱ्याची वाटी. फुलदाणी पाऱ्यावर ठेवली की दिवा लागे, उचलली की विझे. शोभेची वस्तू आणि विजेचा जोड असा भेद त्या फुलदाणीत उरतच नाही. १८८६ साली नेलीज मॉस इथल्या उंचावरच्या तलावांतून सुमारे ३४० फूट खाली उतरणाऱ्या पाण्यावर बर्नफूटचे वीजघर सुरू झाले आणि घराला पुरेशी, भरवशाची वीज मिळू लागली.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळे यंत्रशास्त्र झाले, वास्तुकला नव्हे. शॉने तलाव आखले नाहीत आणि आर्मस्ट्राँगने धुराडी रेखाटली नाहीत. दोन माणसांची दोन कामे एका आवारात झाली म्हणून त्यांना एक रचना का म्हणायचे? हा आक्षेप वास्तुकलेची जी व्याख्या धरून चालतो ती फार अरुंद आहे. घर म्हणजे वास्तुविशारदाच्या सहीचा कागद, असे मानले तर आक्षेप बरोबर ठरतो. घर म्हणजे माणसे कशी राहतात, कुठून चढतात, कुठे शेकतात, रात्री कोणत्या उजेडात वाचतात याची मांडणी, असे मानले तर क्रॅगसाइडचे रचनाकार दोन होते आणि त्यांतला मोठा वाटा मालकाचा होता. त्याचा पुरावा घराबाहेरही आहे. ज्या उजाड उतारावर पहिले घर बसले, तिथे आर्मस्ट्राँगने लावलेल्या झाडाझुडपांची संख्या ७० लाख सांगितली जाते. त्याने खडक फोडून वाटा काढल्या आणि ओढ्यावर एल्सविकच्या कारखान्यातला पोलादी पूल टाकला. आज पर्यटकाला जे रानटी, आदिम सौंदर्य वाटते ते बहुतेक सगळे लावलेले, अडवलेले, वळवलेले आहे. शॉच्या मनोऱ्याला जी पार्श्वभूमी शोभते ती आर्मस्ट्राँगने उभी केली. बांध आणि झाडी वगळून या घराच्या देखणेपणाबद्दल बोलणे म्हणजे मूर्तीबद्दल बोलताना गाभारा विसरणे.

तिसरा आक्षेप पहिलेपणाचा आहे. ‘जगातले पहिले’ हे बिरुद इतिहासात नेहमीच संशयाने घ्यावे आणि इथेही ते सांभाळूनच वापरले पाहिजे. स्वानने गेट्सहेड इथल्या आपल्या स्वतःच्या घरात दिवे लावले होते, कमानी दिवे युरोपात अन्यत्र चौकांत आणि नाट्यगृहांत जळत होते, आणि १८८१ साली सरे परगण्यातल्या गोडाल्मिंग गावात पाणचक्कीच्या बळावर सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला. त्यामुळे क्रॅगसाइडला एकट्याने विजेचे युग सुरू केल्याचे श्रेय देता येत नाही. परंतु त्याचे महत्त्व पहिल्या दिव्यात नाही. पाणी साठवणे, ते उंचावरून नळाने उतरवणे, टर्बाइन फिरवणे, वीज दूर नेणे, ती खोल्यांत वाटणे आणि गरजेनुसार वळवणे, ही संपूर्ण साखळी एका राहत्या घरात, एका माणसाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे चालली, हे त्याचे महत्त्व आहे. दुसऱ्या ठिकाणी दिव्याचे प्रात्यक्षिक झाले, इथे दिव्याबरोबर राहणे झाले. महाराष्ट्रातल्या वाचकाला या साखळीचे मोल समजायला फार लांब जावे लागत नाही. १९१५ साली लोणावळा आणि वळवणच्या तलावांतले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांनी खाली सोडून टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्या योजनेचे क्रॅगसाइडशी थेट नाते नाही आणि आकाराची तर तुलनाच नको. पण वर तलाव, मध्ये उतार, खाली टर्बाइन आणि दूरवर ग्राहक, हा तिचा आराखडा नॉर्थंबरलंडच्या त्या घरात तीस-पस्तीस वर्षे आधी नित्याच्या वापरात होता.

सर्वांत अवघड आक्षेप नैतिक आहे. हे घर तोफांच्या पैशावर उभे राहिले. आर्मस्ट्राँगच्या तोफा १८६० साली चीनवर डागल्या गेल्या. ब्रिटिश सरकारने मागणी थांबवल्यावर एल्सविकने जगभर गिऱ्हाइके शोधली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही पक्षांना माल विकला. शॉच्या गवंड्यांचे काम जोरात चालू असताना, १८७१ साली टाइनसाइडच्या यंत्रकामगारांनी दिवसाचे काम नऊ तासांवर आणावे म्हणून संप केला, तेव्हा तो मोडू पाहणाऱ्या मालकांचा म्होरक्या आर्मस्ट्राँगच होता. सुमारे पाच महिन्यांनी कामगार जिंकले. घरातल्या नोकराचे जिने वाचवणारा मालक कारखान्यातल्या कामगाराचा तास वाचवायला तयार नव्हता, ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. झाकायची तर मुळीच नाही, कारण घराच्या रचनेचा उरलेला उलगडा इथेच होतो. ऑगस्ट १८८४ मध्ये युवराज एडवर्ड आणि युवराज्ञी अलेक्झांड्रा मुलांसह इथे राहायला आले. त्यांच्यासाठी बैठक पुरी करण्यात आली, घुबडांच्या खोल्या सजल्या आणि डोंगरभर हजारो दिवे लावले गेले. नंतरच्या वर्षांत इराणचा शाह, चीनचा ली होंगझांग, सयामचा राजा चुलालोंगकोर्न अशी माणसे येऊन गेली. ही सगळी एल्सविकची संभाव्य किंवा प्रत्यक्ष गिऱ्हाइके होती. दिवसा कारखाना पाहायचा आणि रात्री घरात जेवायचे. जुन्या खानदानीपणाचा आभास पाहुण्याला सांगे, की आपण एका प्रतिष्ठित माणसाच्या घरी आहोत. दिवे आणि लिफ्ट सांगत, की या माणसाची यंत्रे बिनचूक चालतात. तोफा विकणाऱ्याला या दोन्ही साक्षी लागतात. रूप आणि यंत्र यांची सांगड इथे सगळ्यांत घट्ट बसते, आणि म्हणूनच घर निष्पाप ठरत नाही. ते बुद्धीचे घर आहे आणि दारूगोळ्याचेही. यातली एक बाजू खोडून दुसरी ठेवता येत नाही.

घराचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८८७ साली आर्मस्ट्राँग लॉर्ड झाला. १८९३ साली पत्नी मार्गारेट वारली, मूलबाळ नव्हते, आणि १९०० च्या डिसेंबरात तोही गेला. वारस असलेल्या नातेवाइकाची गुंतवणूक फसली आणि १९१० साली संग्रहातली उत्तम चित्रे विकावी लागली. १९७७ साली घर नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात गेले आणि दोन वर्षांनी लोकांना खुले झाले. या संस्थेचे एक शहाणपण नोंदवण्यासारखे आहे. तिने छपरे आणि रंगीत काचा राखल्याच, पण बर्नफूटचे वीजघर, पंपघर, तलाव आणि लिफ्ट हीसुद्धा घराचीच अंगे मानून जपली. २०१४ साली टंबलटन तलावाच्या उतारावर १७ मीटर लांबीचा आर्किमिडीज स्क्रू बसवला गेला आणि ओढ्याच्या पाण्यावर घरातल्या दिव्यांपुरती वीज पुन्हा तयार होऊ लागली. वाट अडवून दुरून पाहायची इमारत असा दर्जा तिला दिला नाही, तिचे मूळचे काम तिला परत दिले. १८६३ सालच्या भाषणात कोळशाबद्दल दिलेला इशारा खुद्द ब्रिटनमध्ये गांभीर्याने घेतला जाऊ लागला तेव्हा हे घडले, हा योगायोग मानायचे कारण नाही.

यातून आपल्यासाठी एक काम निघते. आपल्याकडे जुनी वास्तू वारसा म्हणून नोंदवली जाते तेव्हा नोंद बहुधा कमानींची, कोरीव खांबांची आणि दर्शनी भागाची होते. पाणी कुठून येत होते, हे क्वचितच लिहिले जाते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजचे तलाव बांधून जमिनीखालच्या बांधीव नळातून पुण्याच्या हौदांत पाणी आणले, आणि वाड्यांची कारंजी त्या उतारावर उडाली. त्या नळाशिवाय पेशवाई पुण्याच्या वाड्याची रचना समजत नाही, जशी तलावांशिवाय क्रॅगसाइडची समजत नाही. तरीही वाड्याचा दरवाजा वाचवताना आपण हौद बुजवतो आणि नळावर इमारती चढवतो. तेव्हा पालिकांनी, विश्वस्तांनी आणि अभ्यासकांनी वारसा-यादीतल्या प्रत्येक घराच्या नोंदीत आणखी एक रकाना घालावा, पाण्याच्या वाटेचा. आणि तो रकाना भरेपर्यंत त्या घराच्या संवर्धनाचा आराखडा मंजूर करू नये.